यादी हेही साधनच

जालन्यातला शेतकरी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज करतो, १० टक्के वाटा भरतो (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के) आणि महावितरणच्या यादीतून पुरवठादार निवडतो. पाच वर्षं दुरुस्तीही त्याच पुरवठादाराकडे. ऐन हंगामात पंप बंद पडला तर ही निवड किती मोलाची, ते कळतं.

पण या यादीमागे आणखी एक यादी आहे. सौर पॅनेलांचे मान्यताप्राप्त उत्पादक ठरवण्याचा आदेश केंद्राने २ जानेवारी २०१९ ला काढला. पहिली यादी आली १० मार्च २०२१ ला. २०२३-२४ पुरती ती स्थगित झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून पुन्हा लागू झाली. कारण दर्जाचं दिलं. पण पहिल्या यादीत सगळे उत्पादक भारतीयच होते. म्हणजे दर्जाच्या चाळणीतून आयातही अडली.

म्हणून यादी हाती आली की नुसती नावं मोजू नका. ती कोणी केली, अटी काय होत्या, कधी लागू होती, हे विचारा. आणि तारीख टाकून प्रत जपून ठेवा. संकेतस्थळावर बहुधा आजचीच यादी दिसते. निवड शेतकऱ्याची असली, तरी कोणातून निवडायचं हे आधीच ठरलेलं असतं. आपला अभ्यास तिथूनच सुरू होतो.