नावे पावसाची, तारे रात्रीचे: अजिंठ्याच्या पायथ्याची नक्षत्रओळख

सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, घाट उतरून खानदेशाच्या सपाटीला लागणाऱ्या जुन्या वाटेवर वसले असून, तेथील मोगलकालीन सराई या वाटेवरील वर्दळीची साक्ष देते. गावाचा अक्षांश सुमारे साडेवीस अंश उत्तर असल्यामुळे ध्रुवतारा येथे क्षितिजापासून तेवढाच वर, म्हणजे हात ताठ पसरून एकावर एक धरलेल्या दोन मुठींइतक्या उंचीवर दिसतो. उत्तरेकडे मोकळे मैदान असल्याने सप्तर्षींचे उगवणे-मावळणे तिकडे विनाअडथळा पाहता येते. दक्षिणेचे क्षितिज मात्र डोंगराने उचललेले आहे, आणि त्या बाजूचा तेजस्वी अगस्त्य तारा सर्वांत उंच आला तरी जेमतेम सतरा अंशांपर्यंतच चढतो.

या मुलखातील शेतकऱ्याला नक्षत्रांची नावे कधी शिकवावी लागली नाहीत. सूर्य वर्षभरात ज्या मार्गाने ताऱ्यांमधून फिरताना भासतो, त्याचे सत्तावीस समान भाग म्हणजे नक्षत्रे; प्रत्येक भाग ओलांडायला सूर्याला तेरा-चौदा दिवस लागतात, आणि पावसाळ्याची सारी मोजणी याच भागांवर चालते. ७ किंवा ८ जूनला मृग लागते, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशी रांग हस्त-चित्रांपर्यंत जाते. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा ठरतो, पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहन पाहिले जाते, आणि पेरणी साधली की चुकली हे मृगाच्या हिशेबानेच बोलले जाते. परंतु सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते त्याच्याच प्रकाशात बुडालेले असते, त्यामुळे मृगाचा पाऊस पडतो त्या दिवसांत मृगाचे तारे ढग नसतानाही दिसू शकत नाहीत. ते रात्रभर दिसतात सहा महिन्यांनी, मार्गशीर्षात. पावसाची नक्षत्रे आणि रात्रीची नक्षत्रे यांच्यामध्ये पडलेले हे अर्ध्या वर्षाचे अंतर हीच आकाश शिकू पाहणाऱ्या नवख्याची खरी अडचण होती, आणि नक्षत्रओळखीचा या भागातील इतिहास बऱ्याच अंशी हे अंतर भरून काढण्याचा इतिहास आहे.

जुनी रीत चंद्राला धरून चालत असे. चंद्र रोज साधारण एक नक्षत्र ओलांडतो, आणि महिन्यांची नावेच मुळी पौर्णिमेच्या चंद्राजवळील नक्षत्रांवरून पडलेली आहेत: कार्तिकात कृत्तिका, पौषात पुष्य, माघात मघा, चैत्रात चित्रा. त्या त्या पौर्णिमेला चंद्राचा शेजार लक्षात ठेवून, चंद्र सरल्यावर काळोख्या रात्री तेच तारे पुन्हा शोधायचे, एवढ्याने वर्षभरात डझनभर नक्षत्रे पक्की होत. कृत्तिकांचा दाट पुंजका, रोहिणीचा तांबूस तारा, मृगाच्या चार पायांमध्ये रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्याच रेषेत पुढे तळपणारा व्याध ही त्यांतील सर्वांत सोपी पायरी. उन्हाळ्यात सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली की आधी स्वाती आणि मग चित्रा सापडते. सप्तर्षींना ग्रामीण भागात बाज म्हणतात, आणि मागचे तीन तारे ती पळवणारे चोर समजले जातात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विदर्भातील गोंडांमध्येही खाट आणि चोर हीच आकृती आढळली.

शास्त्रीय अध्ययनाची परंपराही याच डोंगररांगेच्या आश्रयाने वाढली. फर्दापूरच्या पश्चिमेस, चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, आणि १२०७ मध्ये चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्याला दान मिळाल्याचा शिलालेख तेथे कोरला गेला. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त प्रत्येक नक्षत्राच्या योगताऱ्याची, म्हणजे ओळखीसाठी ठरवलेल्या मुख्य ताऱ्याची, स्थाने अंशांत दिलेली आहेत; ग्रंथातील आकडा आणि डोळ्यांपुढचा ठिपका यांची सांगड घालणे हा अभ्यासाचा गाभाच होता, असे मानायला हरकत नाही. याउलट फर्दापूरच्या शेजारीच, अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत रंगवलेले भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचे बौद्ध चित्र, एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पाहुण्यांनी राशिचक्र मानले आणि त्या लेण्याला राशिचक्राचे लेणे हे नावही चिकटले.

सामान्य मराठी वाचकाला हातात घेऊन आकाश शिकता येईल असे पुस्तक मिळायला मात्र एकोणिसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे मुरूडचे, पेशाने शिक्षक, आणि काही काळ खानदेशातील धुळ्याच्या अध्यापक-शाळेत नोकरीस होते. त्यांचे ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे पुस्तक १८९२ मध्ये निघाले. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे रोज पाऊण तासाचीच मागणी वाचकापुढे ठेवलेली. चार वर्षांनी आलेला त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास विद्वानांत अधिक गाजला, पण नवख्यावर उपकार केले ते या लहान पुस्तकाने. दीक्षितांची विद्वत्ताही प्रत्यक्ष निरीक्षणाच्याच पायावर उभी होती: कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत या शतपथ ब्राह्मणातील उल्लेखावरून, आकाशाच्या संथ सरकण्याचा हिशेब करून, त्यांनी ते निरीक्षण इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षांचे ठरवले. कृत्तिका आज नेमक्या पूर्वेला न उगवता बऱ्याच उत्तरेकडे उगवतात, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे त्यालाच या युक्तिवादाची धार कळते.

पुढे १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, आणि गो. रा. परांजपे यांच्या ‘आकाशदर्शन ॲटलास’ने महिनावार नकाशे मराठीत आणले. तारे रोज सुमारे चार मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास, आधी उगवत असल्याने वर्षाला बारा नकाशे पुरतात. १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलसंघाने मान्य केलेली ८८ तारकासमूहांची यादीही आज अभ्यासकापुढे असते. पण मराठी शिकाऊ मंडळींचे पहिले शिबिर अजूनही बहुधा हिवाळ्यातील अमावास्येला भरते, आणि पहिला धडा मृगाचाच असतो.