रविवारच्या सुट्टीची कुळकथा

भारतातील पहिल्या, म्हणजे 1881 च्या कारखाना कायद्याने बालकामगारांना महिन्याकाठी चार सुट्ट्या दिल्या, परंतु प्रौढ कामगारांना एकही दिली नाही. ही उणीव संघटितपणे मांडणारे नारायण मेघाजी लोखंडे 1848 साली ठाण्यात जन्मले. ते जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक होते. 1884 मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली, सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले, आणि त्यातील पहिली मागणी पगारवाढीची नव्हे, तर रविवारच्या सुट्टीची होती. 24 एप्रिल 1890 च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले, तेथे दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. 10 जून रोजी गिरणीमालकांनी सुट्टी मान्य केली आणि 1891 च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

दुकानातील नोकर मात्र कारखाना कायद्याबाहेरच राहिला. मुंबई प्रांताने 1939 मध्ये आणि पुन्हा 1948 मध्ये दुकानांसाठी स्वतंत्र कायदा केला. 1948 च्या कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकानच बंद ठेवण्याची सक्ती होती. कुलूप लागल्यावर सुट्टी मागण्याचा प्रश्नच उरत नाही, ही त्या तरतुदीची खरी ताकद. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याने दुकान वर्षभर उघडे ठेवण्यास मुभा दिली व सुट्टी आळीपाळीने देण्यास सांगितले, पण ही तरतूद दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरतीच ठेवली. ठाणे किंवा डोंबिवलीत संध्याकाळच्या लोकलने परतणारा चाकरमानी खरेदी रविवारवर ढकलतो, त्यामुळे गिरणी कामगारांनी मिळवलेला वार दुकानातील नोकराच्या वाट्याला सर्वांत गर्दीचा दिवस म्हणून येतो.

गिग कामगाराची, म्हणजे नोकरीच्या करारावर नव्हे तर प्रत्येक फेरीमागे पैसे मिळवणाऱ्या कामगाराची, स्थिती आणखी चमत्कारिक आहे. त्याला सुट्टी कोणी नाकारत नाही. मात्र ठरावीक फेऱ्या पुऱ्या झाल्यावरच मिळणारा इन्सेंटिव्ह गर्दीच्या दिवसांशी जोडलेला असला, की तीच सुट्टी महागात पडते. ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबई महानगरातील ओला-उबर चालकांनी केलेला संप आणि जुलै 2025 चा संप, हे दोन्ही भाडेदरांसाठी होते. 25 आणि 31 डिसेंबर 2025 च्या देशव्यापी डिलिव्हरी संपात दहा मिनिटांच्या डिलिव्हरीला विरोध आणि कारण न देता कामगाराचा ॲपवरील आयडी बंद करण्याची पद्धत थांबवणे, याही मागण्या होत्या. तारखा मुद्दाम ऐन हंगामातल्या निवडल्या होत्या, कारण ज्याच्यासाठी गिरणीचे फाटक नाही त्याला काम थांबल्याचे ग्राहकाच्या दारातच दाखवावे लागते. दराची मागणी आणि वेळेची मागणी येथे वेगळी करता येत नाही: दर कमी असेल तर तास वाढतात, आणि तासांवर मर्यादा घालणारा मालक कागदोपत्री अस्तित्वातच नसतो. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्या केली व कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदानाची तरतूद केली. साप्ताहिक सुट्टीचा विषय मात्र त्या तरतुदींत नाही.