हिटलरचे वक्तृत्व

जर्मनीचा हुकूमशहा ॲडॉल्फ हिटलर (१८८९–१९४५) याने सत्तासंपादनाचे प्रमुख साधन म्हणून वापरलेली जाहीर भाषणांची पद्धती.

उगम : पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये म्यूनिक येथे सैनिकांच्या राजकीय प्रशिक्षण वर्गात हिटलरचे वक्तृत्व अधिकाऱ्यांच्या नजरेस आले. त्याच वर्षी तो जर्मन कामगार पक्षात (पुढे नाझी पक्ष) दाखल झाला. २४ फेब्रुवारी १९२० रोजी त्याने हॉफब्रॉयहाउस या बिअरगृहात सुमारे दोन हजार श्रोत्यांपुढे पंचवीस कलमी कार्यक्रम मांडला. जुलै १९२१ मध्ये तो पक्षप्रमुख झाला (पहा : नाझी पक्ष). १९२४ मध्ये स्वतःवर चाललेल्या राजद्रोहाच्या खटल्यात त्याने न्यायालयाचाही व्यासपीठासारखा वापर केला.

वैशिष्ट्ये : प्रारंभी मौन, मग संथ, खालचा स्वर आणि शेवटी टिपेचा आवाज, अशी भाषणाची चढती रचना असे. तो मोजक्या शब्दांच्या टिपणांवरून बोले; हातवारे छायाचित्रांच्या साहाय्याने तपासून घेई. मोजके मुद्दे, त्यांची पुनरावृत्ती, व्हर्सायच्या तहाविषयीचा रोष आणि ज्यूंवरील खोटे दोषारोप हा आशयाचा गाभा होता (पहा : ज्यूविरोध). १९३२ च्या प्रचारात विमानप्रवासामुळे एका दिवसात अनेक शहरांत सभा घेता आल्या.

महत्त्व : १९२८ मध्ये २.६ टक्के असलेली पक्षाची मते जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्क्यांवर गेली. या वाढीमागे जागतिक मंदी आणि बेकारी ही कारणेही होती. ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलरपदी झालेली नियुक्ती मात्र रूढिवादी नेत्यांशी झालेल्या समझोत्यातून घडली (पहा : वायमार प्रजासत्ताक). त्यानंतर नभोवाणीवरून ही भाषणे देशभर पोहोचविण्यात आली (पहा : प्रचारतंत्र).