माळव्याची कपाशी आणि मधमाशी

देशी कपाशीचे पिवळे फूल सकाळी उमलते, सायंकाळपर्यंत कोमेजू लागते आणि कोमेजता कोमेजता तांबूस होते. एवढ्या अल्प आयुष्यातही मधमाशीच्या स्वागताची त्याची सिद्धता मोठी आहे. पाकळ्यांच्या तळाशी गडद तांबडा डाग असतो. फुलाच्या आत, त्याच्या बाहेर, इतकेच नव्हे तर पानामागील शिरेवरही मधाच्या ग्रंथी असतात. पराग जड, चिकट व काटेरी. वाऱ्याने तो उडत नाही, माशीच्या केसाळ अंगाला मात्र बिलगतो. तरीही हे फूल सर्वस्वी माशीवर विसंबत नाही. पुंकेसरांच्या नळीतूनच स्त्रीकेसर वर आलेला असल्यामुळे माशी न फिरकली तरी बोंड धरते.

फुलांचा हा सारा थाट कीटकांसाठी आहे, हे श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने १७९३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्या काळी त्याची कदर झाली नाही. पुढे डार्विनने ती केली. हिंदुस्थानातील पिकांमध्ये असा संकर किती होतो व त्याचा शेतीवर परिणाम काय, याचा विचार आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी बिहारमधील पुसा येथे केला. त्यांचा प्रबंध १९१० चा आहे.

हेच हॉवर्ड १९२४ मध्ये इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले. इंदूरचे नाव जगभर गेले ते त्यांच्या कंपोस्ट खतामुळे. त्या कामी यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. परंतु संस्थेचे मुख्य पीक कापूसच. लांब धाग्याचे वाण निवडून शेतकऱ्याला द्यावे, तर शेजारच्या शेतातील आखूड धाग्याच्या कपाशीचा पराग माशी घेऊन येई. जिनिंगमध्ये सरकी एकमेकांत मिसळे ती निराळीच. काही वर्षांत बियाणे भेसळीचे होई आणि बाजारात भाव पडे. नुकसान सोसावे लागे ते शेतकऱ्याला. बीज देणारी माशीच येथे बीज बिघडवू लागली!

हचिन्सन आणि विनायक गोविंद पानसे यांनी पुढे इंदुरातच कपाशीच्या निवडीला संख्याशास्त्राची जोड दिली. वाण शुद्ध राखण्याचा जुना उपाय मात्र साधा आहे. उमलण्याच्या आदल्या सायंकाळी कळीच्या टोकाला दोरा बांधायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी माशीला आत वाट मिळत नाही. उलट, मुद्दाम संकर करावयाचा असेल तर त्याच वेळी कळीतील पुंकेसर चिमट्याने काढून टाकतात, कळी कागदी पिशवीत झाकतात आणि सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग हाताने स्त्रीकेसरावर लावतात.