त्रिपक्षीय कामगार-प्रशिक्षण

शासन, मालक आणि कामगार संघटना यांनी एकत्र बसून ठरवलेली कामगारांच्या शिक्षण-प्रशिक्षणाची व्यवस्था. शिकवायचे काय, खर्च कोणाचा, शिकण्याच्या काळात पगार चालू राहणार का आणि शिकून आल्यावर पगार वाढणार का, एवढ्याच प्रश्नांवर अशा वाटाघाटी अडतात किंवा सुटतात. फ्रान्समध्ये ९ जुलै १९७० रोजी मालक व कामगार संघटनांत प्रशिक्षणाविषयी राष्ट्रीय करार झाला आणि १९७१ च्या कायद्याने प्रशिक्षणावरचा खर्च मालकांना बंधनकारक केला. भारतात या तोडीचा करार झालेला नाही. येथे त्रिपक्षीय बैठकांची परंपरा जुनी आहे; पण त्या बैठकांत मजुरी, बोनस आणि शिस्त यांना जेवढा वेळ मिळाला तेवढा प्रशिक्षणाला मिळाला नाही.

या परंपरेत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी ना. म. जोशी होते. ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत भरलेल्या त्रिपक्षीय परिषदेचे अध्यक्षस्थान व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. भारतीय श्रम परिषद व स्थायी श्रम समिती ही कायमची चौकट तेथून उभी राहिली. परिषदेचे ४६ वे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झाले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे पुढचे भरले नाही.

त्रिपक्षीय एकमतातून खरोखर संस्था उभी राहिली ती नागपुरात. १९५७ च्या श्रम परिषदेत कामगार शिक्षणावर एकमत झाले आणि १९५८ मध्ये तिन्ही पक्षांचे प्रतिनिधित्व असलेले केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. त्याची रचना साधी होती. मंडळ शिक्षणाधिकारी तयार करी, ते निवडक कामगारांना ‘कामगार-शिक्षक’ म्हणून घडवत, आणि हे कामगार-शिक्षक आपापल्या कारखान्यात परतून सोबत्यांचे वर्ग घेत. सरकारने पैसा द्यायचा, युनियनने माणूस निवडायचा, मालकाने त्याला पगारी मोकळीक द्यायची, अशी ही वाटणी होती. मशीनवरचा माणूस दिवसपाळीतून सोडायचा म्हणजे उत्पादन घटणार, त्यामुळे मालकाची ही मोकळीकच यातली महागडी बाब. मात्र हे शिक्षण कामगार कायदे, संघटना आणि हक्क-कर्तव्ये यांचे होते. लेथ किंवा वेल्डिंग तेथे शिकवत नसत. आज हे मंडळ कामगार नेते दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखले जाते.

हातातल्या कसबाचा मामला कायद्याकडे गेला. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. त्यानुसार ठरावीक आकाराच्या आस्थापनांना उमेदवार घ्यावे लागतात व त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. कलम १८ म्हणते, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. तेथेच युनियनचा हात आखडतो : जो कामगारच नाही, त्याच्या वतीने बोलणार कोण? कायद्याने नेमलेल्या केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेत मालकांचे आणि केंद्र-राज्य सरकारांचे प्रतिनिधी आहेत. कामगार संघटनांना मात्र स्वतःची अशी जागा नाही, उद्योग, श्रम व तंत्रशिक्षण यांचे जाणकार तेवढे आहेत. माझ्या मते या व्यवस्थेतली खरी उणीव हीच. विद्यावेतनाची रक्कम हा त्यामानाने दुय्यम प्रश्न.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या सायखेड्यातून पाहिले तर कसब शिकण्याची दोन्ही टोके दिसतात. याच तालुक्यात ओझरला, मिग विमानांसाठी उभा राहिलेला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. आयटीआय झालेला मुलगा फिटर म्हणून तेथे किंवा नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत उमेदवारी करतो. त्याच्या शिकण्याला अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र असते. दुसरे टोक गावातच आहे. सायखेडा हा पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार. लिलाव झाला की कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तेथे बायका बारीक गोलटी आणि जोडकांद्याचा दुभाळका माल वेगळा काढतात, गोण्या भरल्या जातात, दाभणाने तोंडे शिवली जातात, आणि मग हमाल थप्पी लावतात. थप्पीच्या मधून वारा खेळला नाही तर माल लांबच्या प्रवासात तापतो. हे शिकवणारा वर्ग कुठे नाही. जुन्या माणसाच्या हाताखाली दोन हंगाम काढायचे.

या हमालांसाठी त्रिपक्षीय व्यवस्था आहे, आणि ती देशात अग्रेसर मानली जाते. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याखालील मंडळांत मालक व कामगार यांना समान प्रतिनिधित्व असते आणि शासनाचे प्रतिनिधीही असतात. नोंदणी, मजुरीचे वाटप, लेव्ही (मजुरीवर मंडळाकडे भरायची टक्केवारी), भविष्यनिर्वाह निधी हा त्यांचा मुख्य व्यवहार. एप्रिल २०२४ मध्ये हमाली, तोलाई व वाराईच्या कपातीवरून जिल्ह्यातले कांदा लिलाव बंद पडले, तेव्हा हमाल-मापारी, व्यापारी, बाजार समित्या आणि शासकीय अधिकारी हे सारे वाटाघाटीत आले. वाद होता तो कपात कोणी करायची आणि लेव्ही कोणी भरायची याचा. प्रतवारी आणि थप्पीचे कसब कोणाला, कोणत्या श्रेणीत शिकवायचे, हा विषय त्या वादात नव्हता.