रबराच्या पिळातून उडालेले विमान

पॅरिसच्या त्युइलरी बागेत १८ ऑगस्ट १८७१ रोजी काही जाणकार मंडळी जमली होती. एकवीस वर्षांच्या आल्फोन्स पेनोच्या हातात जेमतेम अर्धा मीटर लांबीचे, १६ ग्रॅम वजनाचे एक खेळणे होते. त्याने पंखा उलटा फिरवून रबराला पीळ दिला आणि विमान सोडले. ते दहा सेकंदांहून अधिक काळ स्थिरपणे उडत राहिले.

त्या काळी वाफेचे इंजिन फार जड होते. पेनोने त्याऐवजी पिळलेले रबर वापरले. पण त्याचे खरे यश आहे ते शेपटीत. त्याने ती पंखापेक्षा थोड्या कमी कोनात बसवली. याने काय होते? समजा, पंखाचा कोन ६ अंश आणि शेपटीचा २ अंश आहे. वाऱ्याने नाक २ अंश वर गेले, तर पंखाचा कोन ८ होतो, म्हणजे एक तृतीयांशाने वाढतो. शेपटीचा मात्र २ चा ४, म्हणजे दुप्पट! साहजिकच शेपटी जास्त जोराने उचलली जाते आणि नाक आपोआप खाली येते. चालक नसतानाही विमान स्वतःला सावरते. पंखांची टोके वर वळवल्यामुळे ते कुशीवरही कलंडत नाही.

कंबरेच्या दुखण्यामुळे पेनोला वडिलांप्रमाणे नौदलात जाता आले नव्हते. १८७६ मध्ये त्याने पॉल गोशोसह माणूस नेणाऱ्या विमानाचे पेटंट घेतले. आत ओढून घेता येणारी चाके त्यात होती. पण पैसा मिळाला नाही. खचलेल्या पेनोने १८८० मध्ये, तिसाव्या वर्षी, आपले आयुष्य संपवले.

त्याआधी दोनच वर्षे, १८७८ मध्ये, अमेरिकेत एका वडिलांनी आपल्या मुलांसाठी पेनोच्या धर्तीचे, रबरावर उडणारे एक हेलिकॉप्टर आणले होते. कॉर्क, बांबू आणि कागद यांचे ते खेळणे. मुले होती ११ वर्षांचा विल्बर आणि ७ वर्षांचा ऑर्विल राइट. त्यांनी त्याच्या मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. पण आकार वाढला तशी त्या नीट उडेनात! कारण सोपे आहे. लांबी, रुंदी, जाडी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार येतो. हा हिशेब त्यांना तेव्हा माहीत नव्हता. १९०३ मध्ये त्यांचे विमान उडाले, त्याआधी त्यांना तो शिकावाच लागला.

वर्गात हे करून पाहता येईल. पुठ्ठ्याचे साधे ग्लायडर करा. शेपटीची मागची कड किंचित वर, मग किंचित खाली वाकवा आणि दर वेळी एकाच उंचीवरून सोडा. काय घडेल, ते मुलांना आधी वहीत लिहायला सांगा. अंदाज चुकला, तर उत्तमच. राइट बंधूंचाही चुकला होता.