हलणारा दात आणि मल्चिंग पेपर

नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात मात्र अजून नगरच) साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, दात कसा गेला? पुष्कळदा उत्तर येतं, "हलत होता, काढून टाकला." म्हणजे दात किडला नव्हता, तुटला नव्हता. चांगला धडधाकट दात, फक्त त्याची पकड गेली. आजचा भाग या पकडीबद्दल आहे, आणि ती परत उगवता येते का, या प्रश्नाच्या इतिहासाबद्दल.

पकड म्हणजे काय ते आधी बघू. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर असतो, बाहेर जबड्याचं हाड, आणि दोघांच्या मध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जागेत बारीक धाग्यांचं जाळं. दात या धाग्यांवर टांगलेला असतो, बाजेच्या सुतळीवर माणूस असतो तसा. भाकरीत खडा आला की लगेच कळतं ना? ते याच धाग्यांमुळे. पायरिया झाला की हिरडीखाली जंतूंचा थर साचतो, सूज येते, धागे तुटतात, हाड झिजतं आणि दात हलायला लागतो.

आजार जुना आहे. सुश्रुतसंहितेत दाताच्या मुळाशी होणारे पंधरा रोग सांगितलेत. त्यातल्या 'उपकुश'मध्ये हिरड्यांची आग होते, त्या पिकतात आणि दात हलतात. लक्षणं आजच्या पायरियाशी चांगलीच जुळतात. उपाय मात्र शेकडो वर्षं दोनच राहिले: साफ करा, नाहीतर उपटा.

विसाव्या शतकात डॉक्टर हिरडी उघडून मूळ खरवडून साफ करायला लागले. जखम भरायची, सूज जायची, पण धागे परत येत नव्हते. का? याचं नीट उत्तर १९७६ साली टोरोंटोच्या अँथनी मेल्चर यांनी मांडलं. ते म्हणाले, साफ केलेल्या मुळाकडे चार ठिकाणच्या पेशी धावतात: हिरडीच्या त्वचेच्या, हिरडीच्या आतल्या मांसाच्या, हाडाच्या आणि त्या धाग्यांच्या. जी आधी पोचेल ती जागा बळकावते. त्वचा सगळ्यात वेगवान. ती मुळावर पसरली की धाग्यांना जागाच उरत नाही.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. रान मोकळं केलं की पीक यायच्या आधी हरळी येते. मग आपण काय करतो? संगमनेर-अकोल्याकडे टोमॅटोच्या बेडवर अंथरतात तो मल्चिंग पेपर आठवा. तण अडवायचं, रोपाला वाट द्यायची. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या स्टुरे नायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हेच केलं. काढायचाच होता अशा एका खालच्या दाताचं मूळ साफ करून त्यावर त्यांनी प्रयोगशाळेतला गाळणीचा कागद, मिलिपोर फिल्टर, झाकला आणि वरून हिरडी शिवली. तीन महिन्यांनी दात काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मुळावर नवं सिमेंटम आणि त्यात रोवलेले नवे धागे! माणसाच्या तोंडात गेलेली पकड परत उगवू शकते, हे दिसलं. तेही एका कागदामुळे.

गंमत म्हणजे टायटॅनियमच्या इम्प्लांटचा जन्मही याच गोथेनबर्गचा. १९६५ साली ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाला बसवलं. एकाच गावात दोन उत्तरं: एक म्हणतं नवा दात बसवू, दुसरं म्हणतं जुन्याचीच पकड वाढवू. इम्प्लांट थेट हाडाला चिकटतं, मध्ये धागे नसतात. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे, लपवत नाही.

पुढे गोर-टेक्सचे पडदे आले, ते काढायला दुसरं ऑपरेशन लागायचं. मग विरघळणारे आले. नव्वदच्या दशकात डुकराच्या कोवळ्या दातांपासून काढलेली प्रथिनं 'एम्डोगेन' नावाने बाजारात आली. सगळं परदेशी, सगळं महाग.

आपल्याकडचं चित्र बदलायला हातभार लावला २००१ साली फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी. रुग्णाचंच थोडं रक्त घ्यायचं, त्यात कुठलंही रसायन न घालता लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये दहा-बारा मिनिटं फिरवायचं. तळाला लाल पेशी, वर पाणी, मधे पिवळसर गोळा. हा पीआरएफ. त्यातल्या प्लेटलेट्स पेशींना वाढीचे निरोप काही दिवस हळूहळू सोडत राहतात. यंत्र एकदा घेतलं की कच्चा माल रुग्णाच्या दंडात! भारतातल्या दंत महाविद्यालयांत ही पद्धत चांगलीच रुजली.

इथे लोणी येतं. राहाता तालुक्यातलं हे गाव सहकारी साखर कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास तो उभा केला. त्याच परिसरात पुढे ग्रामीण दंत महाविद्यालय उभं राहिलं, आणि हिरड्यांच्या आजारांचे तज्ज्ञ गावात शिकायला-शिकवायला लागले. उसाच्या फडातून आलेला माणूस आणि पेशींचं शास्त्र, एका खुर्चीत.

पण दोन अडचणी आहेत. पहिली मशेरी आणि बिडी. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आवळतो, त्यामुळे अशी ऑपरेशनं तंबाखू घेणाऱ्यांत कमी यशस्वी होतात. वर तंबाखूमुळे रक्तही कमी येतं, म्हणून आजार लपून राहतो. "मशेरीने हिरड्या घट्ट होतात" हा समज त्यातूनच आला असावा. दुसरी अडचण हाडाची. दाताशेजारी हाडात खोल, अरुंद खड्डा असेल तर भरण्याची आशा असते. हाड सगळीकडून सपाट खाली गेलं असेल, तर आजही फारसं काही करता येत नाही.

त्यावर काम चालू आहे. २००४ मध्ये काढलेल्या अक्कलदाढांच्या धाग्यांत मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल्स, सापडल्या. टोकियोत अशा पेशींचे पापुद्रे वाढवून दहा रुग्णांच्या मुळांवर लावले, त्याचे निकाल २०१८ साली छापून आले. पापुद्रा काढायची युक्तीही झकास: बशी थंड केली की तो आपोआप सुटतो. पण त्याला पेशी वाढवायची खास प्रयोगशाळा लागते, सेंट्रिफ्यूजवर भागत नाही.

तेव्हा घरात कुणाचा दात हलत असेल, तर काढायच्या आधी एक्स-रे काढून डॉक्टरांना एवढंच विचारा: हाडातला खड्डा खोल आहे, की हाडच सपाट खाली गेलंय?